दोन ठोके, एक हिसका

“...तर आता तुम्हीच सांगा आण्णा. दोघांना एका खोलीत शेजारी-शेजारी बसवून खेळवू, की जगात कुठंही बसलेल्या दोघांना आणून जोडू?”

तातोबा कातारींनी मान वर केली नाही. काळ्या कुड्याच्या लाकडाचा एक ठोकळा त्यांनी लेथच्या दोन टोकांमध्ये घट्ट बसवला. पटाशीच्या मुठीनं फळीवर दोनदा ठोकलं. ठक्, ठक्. क्षणभर थांबले. मग मोटरचं बटण दाबलं.

लाकूड गरगर फिरायला लागलं.

अभिनंदन मगदूम गप्प बसला. मोटरच्या आवाजात बोलून उपयोग नव्हता, आणि खरं म्हणजे त्याच्यात ओरडून बोलायचं त्राणही उरलं नव्हतं. गेला अर्धा तास तो एकटाच बोलत होता. कोल्हापूरहून मुरगूडपर्यंत मोटारसायकल हाकत आला होता, पाठीचा पार भुगा झाला होता, आणि डोळ्यांचं तर विचारूच नका. आठ महिने स्क्रीनकडं बघून बघून ते सशासारखे लाल झाले होते.

पोरगा हुशार, यात वाद नाही. पण हुशारीची घमेंड अशी, की विहिरीत पडला तरी हात मारायच्या आधी खोली मोजील आणि वर उभ्या असलेल्यांना ती ऐकवील.

मोटर थांबली. तातोबांनी खुळखुळ्याची मूठ बोटांनी चाचपली.

“इर्शाद कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

“आहे की. कामात आहे.”

“तू एकटाच आलास.”

“हो... म्हणजे, त्याला जमलं नाही.”

तातोबा ‘बरं’ म्हणाले.

इर्शाद मुल्ला आणि अभिनंदन, दोघं एका बाकावरचे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना ही जोडगोळी पहिल्यांदा या शेडमध्ये आली होती. कोपऱ्यात दोरीचा जुना चरक धूळ खात पडला होता. तो बाहेर काढा म्हणून दोघांनी म्हाताऱ्याचं डोकं खाल्लं. तातोबा नाही-नाही म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच फडका घेऊन तो पुसायला बसले.

हा चरक एकट्याचं कामच नाही. लाकडाला दोरीचे दोन वेढे द्यायचे. एकानं दोरीची दोन्ही टोकं दोन हातांत धरून आलटून-पालटून ओढायची. दुसऱ्यानं समोर बसून पटाशी धरायची. लाकूड एकदा अंगावर येतं, एकदा लांब जातं. येताना पटाशी टेकवायची, जाताना उचलायची. ओढणारा चुकला की कातणारा चुकला, आणि कातणारा चुकला की बोट गेलं.

म्हणून एक रीत होती. कातणारा आधी मुठीनं फळीवर दोनदा ठोकणार. ओढणारा दोरीला एक हलकासा हिसका देणार. हिसका आला की मगच पटाशी लाकडाला लागणार. हिसका आला नाही तर थांबायचं. तो तंबाखू मळत असो, कुणाशी बोलत असो, नाहीतर रुसून बसलेला असो. थांबायचं.

पंधरा दिवस दोघं इथं राहिले, शिकले, आणि त्यातून त्यांचा खेळ निघाला. एका खेळाडूच्या हातात दोरी, दुसऱ्याच्या हातात पटाशी, समोर एकच स्क्रीन. ते दोन ठोके आणि तो हिसकासुद्धा खेळात होता. चार वर्षं झाली त्याला. दोघांनी नोकऱ्या धरल्या नाहीत, घरच्यांची बोलणी खाल्ली, आणि आता कुठं परदेशातली एक कंपनी खेळ जगभर काढायला तयार झाली होती.

एकच अट होती. खेळ दुरून खेळता आला पाहिजे.

“इर्शादचं काय म्हननं हाय?” तातोबांनी विचारलं.

“त्याचं ठरलेलंच आहे. शेजारी बसूनच खेळायचं. म्हणतो, कोपर लागलं पाहिजे, शेजारच्याचा श्वास ऐकू आला पाहिजे, शिवी देता आली पाहिजे.” अभिनंदन थकून हसला. “आम्ही एका हॉस्टेलवर खेळ नेला होता. दोन चुलतभाऊ खेळताना असे भांडले, आण्णा, की गादीवरून खाली पडले. इर्शाद म्हणाला, झालं, आपला खेळ झाला. त्याच्या लेखी तिथंच संपलं.”

“आन् तुझं?”

“माझं म्हणणं, शेजारी बसायला माणूस आहेच कुठं?” आता मात्र त्याचा आवाज चढला. “माझी ताई दुबईला असते. लहानपणी तिच्याशी पटावर मारामारी केल्याशिवाय जेवण जात नव्हतं. सहा वर्षांत तिच्याबरोबर एक डाव झालेला नाही. घरोघर हेच आहे. एक भाऊ पुण्याला, एक बंगळुरूला, आई गावात. दुसरा माणूस शेजारी बसला तरच खेळा म्हणायचं, म्हणजे जेवायला बोलवायचं आणि म्हणायचं की ताट घरून आणा.”

“खरं हाय,” तातोबा म्हणाले. “मान्सं लांब गेली.”

हे एवढं सरळ मान्य होईल असं अभिनंदनला वाटलं नव्हतं. तो जरा सावरून बसला. आता आपलं कर्तब सांगायला हरकत नाही.

“अवघड होतं, आण्णा. लांबच्यानं दोरी ओढली, की ते इकडं पोचायला वेळ लागतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंतचाच वेळ, पण तेवढ्यात पटाशी रुतते. दोन मोठ्या लोकांनी मला सांगितलं, हा खेळ दुरून जमणारच नाही. मी जमवला. आठ महिने लागले.”

“कसा जमावलास?”

“यंत्र अंदाज बांधतं. समोरचा आत्तापर्यंत कसा ओढत आलाय ते बघतं आणि आता तो कसा ओढेल हे धरून चालतं. त्याचं कळायची वाटच बघत नाही.”

“आन् चुकलं तर?”

“तर गुपचूप मागं जातं, दुरुस्त करतं आणि परत पुढं येतं. खेळणाऱ्याला पत्ता लागत नाही.”

तातोबांनी हातातला खुळखुळा खाली ठेवला.

“मागं जातं? गेलेल्या येळात?”

“हो.”

“...लई भारी हाय की.”

त्यात टिंगल नव्हती. अभिनंदननं दोनदा त्यांच्या तोंडाकडं बघितलं. नव्हती.

“दोन ठोके ठेवलास का त्यात?”

अभिनंदननं मान खाली घातली. लाकडाचा थोडा भुसा बोटावर घेऊन चोळत बसला.

“काढले,” तो म्हणाला. “दर वेळी ठोकायचं, मग लांबच्या हिसक्याची वाट बघायची... लोक कंटाळतात आण्णा. कंपनीपण म्हणाली, हे कशाला? आणि अंदाज जर बरोबर येतोय, तर विचारायचं कशाला?”

“इर्शादला म्हाईत हाय?”

“त्यानं बघितलं. ‘का?’ एवढाच मेसेज पाठवला.”

“तू काय सांगिटलास?”

“...काही नाही. तीन आठवडे झाले.”

“तो गावाला गेलाय?”

“नाही. कोल्हापुरातच आहे. एकाच खोलीत काम करतो आम्ही.” अभिनंदनला स्वतःलाच ते ऐकायला कसंतरी झालं. “पाठीला पाठ लावून बसतो. कानाला हेडफोन. काय असेल ते मेसेजवर.”

तातोबा उठले. गुडघे कुरकुरले तसे ‘आई गं’ म्हणाले. कोपऱ्यात जाऊन त्यांनी दोरीच्या चरकावरचं पोतं काढलं, खुंटीवरची दोरी उतरवली, कुड्याचा दुसरा एक ठोकळा घेतला आणि त्याला दोन वेढे दिले.

“बस,” त्यांनी पटाशी पुढं केली.

“आण्णा, आत्ता नको. मी दमलोय.”

“मी काय नाचून आलोय व्हय? बस.”

अभिनंदन पटाशीच्या जागी बसला. तातोबा दोरीकडं गेले. तिथं मातीच्या जमिनीत दोन खोलगट खड्डे पडले होते, दोरी ओढणाऱ्याच्या टाचांचे. इतक्या वर्षांत कुणी ते लिंपले नव्हते. तातोबांनी आपल्या टाचा त्या खड्ड्यांत ठेवल्या नाहीत. एक वीत बाजूला सरकून बसले आणि दोरी हातात घेतली.

अभिनंदननं पटाशी लावली.

दोरी सुरू झाली. उजवा, डावा. उजवा, डावा. लाकूड अंगावर आलं की पटाशी टेकवायची, लांब गेलं की उचलायची. चार वर्षांनी बसला होता तरी हात विसरला नव्हता. पातळ साल गोल वळून खाली पडायला लागली आणि अभिनंदनला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. लय सापडली होती. आता तर बघायचीही गरज नव्हती. त्यानं डोळे मिटून घेतले.

उजवा, डावा. उजवा...

खाड्!

पटाशी हातातून उडाली आणि भिंतीवर जाऊन आपटली. लाकडाचा हा एवढा ढलपा निघाला. अंगठा चाटून पटाशी गेली होती, रक्ताची बारीक रेघ वर आली.

“आण्णा! तुम्ही मध्येच उलटी ओढलीत!”

“व्हय.”

“अहो, सांगायचं तरी!”

“खांद्यात कळ आली,” तातोबा म्हणाले. “तू ठोकलंच न्हाईस. मी कुटं सांगू?”

अभिनंदन अंगठा तोंडात धरून बसला. लहान पोरासारखं त्याला रडायला यायला लागलं. अंगठ्यासाठी नव्हे. चार वर्षांचा शिणवटा असा भलत्याच वेळी बाहेर येतो.

“मला वाटलं, तुम्ही ओढत राहाल...”

“वाटलं.”

“हो.”

तातोबांनी कनवटीला खोचलेल्या फडक्याची चिंधी फाडून त्याच्या अंगठ्याला बांधली. मग तिथंच, दोरीपाशी, बसून राहिले.

“हितं माजा भाऊ बसायचा,” थोड्या वेळानं ते म्हणाले. “गुंडू. धाकटा. बत्तीस वर्सं त्यानं दोरी वडली.”

भाऊ होता, एवढंच अभिनंदनला माहीत होतं. त्या पंधरा दिवसांत म्हाताऱ्यानं त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

“एकानं मला मोटर देऊ केली. चांगली हुती. म्या ठरीवलं, घ्यायची. गुंडूला इचारलं न्हाई. त्याचं आक्खं आयुष्य दोरीत गेलं, तो काय व्हय म्हननार? उगं वाद कशाला... तो जोतिबाला गेला हुता चैताच्या जत्रंला. तेवढ्यात बसीवली.”

“मग?”

“आला. बघितलं. दोरी गुंडाळली, त्या खुंटीला आडकावली आन् गेला. भांडला न्हाई. भांडला असता तर बरं हुतं. परत या शेडात पाय ठेवला न्हाई त्यानं. गल्लीत समोरासमोर आलो तर मान खाली घालायचा... मीबी घालायचो.”

“म्हणजे तुमचा अंदाज बरोबर होता. त्याला मोटर नकोच होती.”

तातोबा दोरीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होते. गुंडाळायचे आणि सोडायचे.

“गुंडू गेल्यावर त्येच्या दहाव्याला त्याची बायकू बोलली,” ते म्हणाले. “म्हनली, दाजी, पाच वर्सं त्यांच्या खांद्यात जीव नव्हता. रोज मी तेल चोळून शेकायची. म्हनायचे, एकादी मोटर घेतली तर बरं हुईल. पन दादाला म्हनवत न्हाई. दादाला वाटंल, मी हात काढून घेतला.”

बाहेर कुणाचं तरी शेरडू ओरडत होतं.

“म्हणजे त्यांनाही मोटरच...”

“व्हय. त्यालाबी मोटरच पायजे हुती.”

“मग ते रुसले कशाला?”

तातोबांनी त्याच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच, असं सरळ.

अभिनंदननं खिशातून फोन काढला. आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि लपवायलाही जोर लागतो.

“आण्णा, मी खोटं बोललो. इथं विचारायला आलो नव्हतो.” त्यानं फोन पुढं धरला. “हे पत्र सकाळीच लिहून ठेवलंय. कंपनीला. आज संध्याकाळपर्यंत होकार द्यायचाय. फक्त पाठवायचं बाकी आहे. तुमचा आशीर्वाद घेऊन पाठवावं म्हणून आलो.”

“वाच.”

“इंग्रजीत आहे.”

“मग मराठीत वाच.”

“‘आम्ही दोघांनी विचार केला...’” अभिनंदन अडला. “‘आम्ही दोघांनी विचार करून ठरवलं आहे की खेळ दुरून खेळता येईल असाच काढावा. आपले, अभिनंदन मगदूम... आणि इर्शाद मुल्ला.’”

“त्यानं सही केली?”

“नाव मी घातलं.” मग एकदम उसळून म्हणाला, “तो नाहीच म्हणणार होता, आण्णा! मी ओळखतो त्याला. दहा वर्षं ओळखतो. विचारलं असतं तर हुज्जत झाली असती, तारीख निघून गेली असती, चार वर्षं मातीत गेली असती. मला नाही आता भांडायचं. मी दमलोय हो...”

“दमलायस खरा,” तातोबा म्हणाले.

त्यांनी त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. हात खरबरीत होता, शर्टाचे धागे ओढले गेले. अभिनंदन तसाच बसला. बऱ्याच महिन्यांत कुणी त्याच्या पाठीला हात लावला नव्हता. खोलीत मागं इर्शादची पाठ असायची, हातभर अंतरावर. तो पण दमलेला असेल. त्याचा खांदा दुखत असेल की नाही, हे आपल्याला माहीत नाही, असं अभिनंदनच्या मनात आलं, आणि ते काही केल्या मनातून जाईना.

“समजा मी विचारलं आणि तो नाही म्हणाला?”

तातोबा दोरी खुंटीवर अडकवत होते.

“आणि समजा... हो म्हणाला?”

तातोबांचा हात खुंटीवर थांबला. मग त्यांनी दोरी नीट केली, चरकावर पोतं टाकलं आणि ते लेथकडं परत आले. अर्धवट खुळखुळा तिथं वाट बघत होता.

अभिनंदननं फोनवर इर्शादचं नाव काढलं. त्याच्याखाली तो तीन आठवड्यांपूर्वीचा एकटा ‘का?’ अजून तसाच होता. अंगठ्याची चिंधी लाल झाली होती. त्यानं अंगठा त्या नावावर आणला आणि तिथंच धरला.

“उशीर झालाय, आण्णा,” तो म्हणाला. “ठोके काढले, पत्र लिहून झालं, त्याचं नावसुद्धा घालून झालं. आता विचारून काय उपयोग?”

तातोबांनी पटाशी उचलली. मुठीनं फळीवर दोनदा ठोकलं.

ठक्, ठक्.

एक बोट बटणावर होतं, पण त्यांनी ते दाबलं नाही. मोटर गप्प होती. ते कोपऱ्याकडं बघत होते, पोत्याखालच्या चरकाकडं, मातीतल्या त्या दोन खड्ड्यांकडं... आणि थांबले होते.

आल्यापासून आपण हे चार-पाच वेळा बघितलंय, हे अभिनंदनला आत्ता कळलं. चार वर्षांपूर्वीही रोज बघितलं होतं. म्हाताऱ्याची सवय म्हणून सोडून दिलं होतं.

“गुंडू जाऊन सात वर्सं झाली,” तातोबा म्हणाले. “मी अजून इचारतोय.”